आबा, आत कोण ठोकतंय?

रात्रीची जेवणे उरकली आहेत. अंगणात बाज टाकली आहे. पाच-सहा वर्षांचा नातू आजोबांच्या छातीवर डोके टेकून पडला आहे. एकाएकी तो डोके वर करतो आणि विचारतो, "आबा, तुमच्या आत कोण ठोकतंय?"

वाचकहो, हा प्रश्न तुमच्या घरात अजून आला नसेल, तर उद्या येईल. आपण बहुतेक वेळा काय करतो? "झोप गुमान," असे म्हणून कूस बदलतो. पोर गप्प होते आणि प्रश्न तिथेच विझतो. पुढे पाच-सात वर्षांनी शाळेच्या पुस्तकात हृदयाचे चित्र येते. त्यातल्या बाणांची दिशा पाठ करताना त्याच पोराला घाम फुटतो.

खरे पाहता हा विषय शिकवायला शेतकऱ्याच्या घरासारखी शाळा नाही. विहिरीवरची मोटर, तिचा फूट व्हॉल्व्ह, पाइपलाइन, ठिबकच्या नळ्या हे सगळे आपली मुले रोज पाहतात. शहरातल्या मुलाला जे चित्रावरून समजून घ्यावे लागते, ते आपल्या मुलाच्या पायाखाली असते. आपण फक्त दोन्हींचा सांधा जुळवून द्यायचा. त्यासाठी पैसा लागत नाही, रविवारची एक सकाळ पुरते. ती सकाळ खर्च करण्यामागे आणखी एक मोठे कारण आहे, तेही पुढे सांगतो.

काळीज वेगळे, हृदय वेगळे

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण म्हणतो, "भीतीने काळीज धडधडले." पण खाटकाकडून काळीज म्हणून जे घरी येते, ते यकृत असते. ते धडधडत नाही. धडधडते ते हृदय. मुलाला सांगा, "तुझी मूठ आवळ. तुझे हृदय जवळजवळ एवढेच आहे." मूल वाढते तशी मूठ वाढते, आणि मुठीबरोबर हृदयही.

ते कुठे आहे असे विचारले की मुले हात पार डाव्या बरगडीवर नेतात. हृदय तसे छातीच्या मध्यावरच असते. त्याचे टोक मात्र डावीकडे झुकलेले असते, म्हणून ठोका डाव्या बाजूला जास्त जाणवतो. ज्यांच्या घरी सामिष चालते, त्यांनी एखाद्या रविवारी बकऱ्याचे हृदय मागून आणावे आणि उभे चिरून दाखवावे. आतले चार कप्पे आणि कप्प्यांमधल्या पातळ पांढऱ्या झडपा मुले डोळे विस्फारून पाहतात.

हा अंक गुंडाळा आणि कान लावा

आता हातातला हा अंक वाचून झाला की त्याची घट्ट सुरळी करा. एक टोक मुलाच्या छातीवर, डाव्या स्तनाच्या किंचित खाली टेकवा आणि दुसऱ्या टोकाला कान लावा. ठोका स्पष्ट ऐकू येईल. मग मुलाला तुमचा ऐकू द्या, आजीचा ऐकू द्या.

हा पोरखेळ नव्हे. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका तरुण रुग्ण स्त्रीच्या छातीला कान लावायला संकोच वाटला. त्यांनी कागदांची सुरळी केली आणि तिच्यातून ऐकले. नुसत्या कानापेक्षा आवाज अधिक स्वच्छ आला. डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीचा जन्म असा झाला. तशी नळी घरी करायची तर रॉकेल-तेल ओतायचे छोटे नरसाळे स्वच्छ धुऊन घ्या आणि त्याच्या दांडीला हातभर रबरी नळी बसवा. फक्त कुणी नरसाळ्यात ओरडायचे नाही, समोरच्याच्या कानाला इजा होते.

आवाज दुहेरी येतो, लब्-डब्, लब्-डब्. मुलाला सांगा, ही दारे लागण्याची धडक आहे. हृदयात चार झडपा आहेत. दोन झडपा मिटल्या की "लब्", उरलेल्या दोन मिटल्या की "डब्". ही दारे लक्षात ठेवा. आपल्याला पुन्हा त्यांच्याकडेच यायचे आहे.

मोजायला शिकवा

आता मनगट. अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे हलकेच ठेवली की नाडी लागते. अंगठ्याने पाहू नये, कारण अंगठ्याचीच नाडी बोटाला फसवते. लहान मुलाला नाडी सापडत नसेल तर एक गंमत करा. मळलेल्या कणकेची सुपारीएवढी गोळी नाडीवर चिकटवा आणि तीत केरसुणीची हलकी काडी उभी खोचा. हात चटईवर स्थिर ठेवला की काडी प्रत्येक ठोक्याला डुलते.

घड्याळ पाहून पंधरा सेकंद मोजा आणि चौपट करा. मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला सत्तर-बहात्तरच्या आसपास भरतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे ऐंशी-शंभर भरतात आणि तान्ह्या बाळाचे शंभराच्या बरेच वर जातात. मग मुलाला घराभोवती दोन फेऱ्या पळवा आणि पुन्हा मोजा. ठोके का वाढले? पायांनी जास्त काम केले, त्यांना जास्त रक्त हवे, म्हणून पंप जोरात चालला. एवढे कळले तरी पुष्कळ झाले. धावल्यावर छाती धडधडते याची भीतीही त्यातून जाते.

गोठ्यातही हा धडा चालतो. गाय गरीब असेल तर मोठ्या माणसाने तिच्या शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला बोट ठेवून पाहावे. तिची नाडी मिनिटाला साधारण पन्नास ते ऐंशी लागते. कोंबडीचे हृदय अडीचशेच्या वर ठोके देते आणि हत्तीचे तिसाच्या आसपास. जीव जेवढा लहान, तेवढी घाई जास्त!

बादली आणि चहाचा कप

आता खरी मजा. दोन बादल्या घ्या. एकीत पाच लिटर पाणी ओता, कारण मोठ्या माणसाच्या अंगात रक्त सुमारे पाच लिटर असते. मुलाच्या हातात चहाचा लहान कप द्या. त्यात साधारण सत्तर मिलिलिटर मावते आणि हृदय एका ठोक्याला जवळपास तेवढेच रक्त ढकलते. आता म्हणा, "एका मिनिटात सत्तर कप भरून या बादलीतून त्या बादलीत टाक."

पोर दमते, पाणी सांडते, हसते. मिनिटाच्या आत कुणाचेच होत नाही. मग सांगा, "तुझ्या आबांचे हृदय हे काम दर मिनिटाला करते. झोपेतसुद्धा करते." दिवसभराचा हिशेब केला तर ठोके एक लाखाच्या घरात जातात आणि रक्त सात हजार लिटर, म्हणजे दोनशे लिटरची पस्तीस पिंपे.

हुशार मूल इथे अडवील, "पण अंगात तर पाचच लिटर आहे ना? मग सात हजार आले कुठून?" या प्रश्नाला शाबासकी द्या. जगातल्या मोठमोठ्या वैद्यांना तो शतकानुशतके पडला नव्हता.

पाटाचे पाणी की परत येणारे पाणी?

युरोपात सुमारे चौदाशे वर्षे गेलेन या प्राचीन वैद्याचे मत चालत होते. खाल्लेल्या अन्नाचे यकृतात रक्त होते, ते अंगभर पसरते आणि जिथल्या तिथे जिरते, असे ते मत. पाटाचे पाणी वावरात मुरावे तसे. इंग्लंडमधील विल्यम हार्वे यांनी हिशेब मांडला. हृदय अर्ध्या तासात जेवढे रक्त बाहेर टाकते, तेवढे सबंध शरीरातही नसते. एवढे नवे रक्त कुठल्या अन्नातून तयार होणार? तेव्हा रक्त मुरत नाही, तेच रक्त फिरून परत येते. १६२८ साली त्यांनी हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

हार्वे यांनी दाखवलेला एक पुरावा तुमच्या हातावर आहे. कष्टकऱ्याच्या हातावर निळ्या शिरा दोरीसारख्या उठून दिसतात. हात खाली सोडून ठेवा. कोपराच्या खालची एक सरळ शीर निवडा. मुलाला तिच्यावर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून धरायला सांगा. दुसऱ्या बोटाने शीर कोपराकडे निपटून न्यायला लावा आणि ते दुसरे बोट उचलायला सांगा. निपटलेला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त खाली येत नाही, कारण शिरेत झडप आहे. आता पहिले बोट उचलले की शीर झटकन भरते. म्हणजे इथले रक्त एकाच वाटेने जाते, हृदयाकडे. पहिल्या खेपेला जमले नाही तर दुसरी शीर पाहावी.

हाच धडा एका जीवघेण्या वेळी कामी येतो. रक्ताची वाट घट्ट आवळली की पुढचा भाग उपाशी राहतो. म्हणून साप चावला तर करकचून आवळून बांधू नये. चावलेला भाग न हलवता माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. मुलांनाही खेळात बोटाला दोरा गुंडाळू देऊ नये.

मोटर, मेन लाइन आणि ठिबक

आता सांधा जुळवा. हृदय म्हणजे मोटर. तिच्यातून निघालेली जाड मेन लाइन म्हणजे महारोहिणी. तिच्या फाट्यांना काही पुस्तकांत रोहिणी म्हणतात, काहींत धमन्या. मुलाने गोंधळू नये, वस्तू एकच. फाट्यांना फाटे फुटत शेवटी केसाहून बारीक केशवाहिन्या होतात. ठिबकची नळी जशी प्रत्येक झाडाच्या बुडाशी जाते, तशा या केशवाहिन्या शरीरात जवळजवळ सगळीकडे पोचतात. हार्वे यांना त्या दिसल्या नव्हत्या. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ साली, इटलीतील माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात त्या पाहिल्या. रात्री विजेरी पेटवून तिच्यावर बोटे मिटून धरा, ती लालभडक दिसतात. हे त्याच जाळ्यातले रक्त.

दोन फरक मात्र जरूर सांगा. ठिबकचे पाणी जमिनीत जाते, रक्त परत येते. ते ज्या वाटांनी परत येते त्या शिरा. आणि शेतात मोटर एक असते, छातीत मात्र दोन जोडून बसवलेल्या आहेत. उजवी बाजू थकलेले रक्त फुप्फुसाकडे पाठवते. तिथे ते श्वासातला प्राणवायू घेते. डावी बाजू हे ताजे रक्त अंगभर पाठवते.

मुले विचारतील, "मग शीर निळी का? आत निळे रक्त आहे का?" नाही. रक्त नेहमी लालच. प्राणवायू असला की तांबडेलाल, नसला की गडद लाल. कातडीखालून पाहताना शीर निळसर भासते, एवढेच.

अंगणातला खेळ

सात-आठ मुले जमवा. अंगणात रांगोळीने चार खोल्यांचा चौकोन आखा. वर दोन, खाली दोन. हे हृदय. एका बाजूला वर्तुळ काढून "फुप्फुस" म्हणा आणि तिथे जास्वंदीची किंवा झेंडूची फुले ठेवा. लांब दुसऱ्या बाजूला "हात-पाय" असे दुसरे वर्तुळ काढा आणि तिथे वाळकी पाने ठेवा. चार मुले राखणदार म्हणून उभी करा. दोघे वरच्या व खालच्या खोल्यांमधल्या दारांत, दोघे खालच्या खोल्यांतून बाहेर पडायच्या दारांत. या चार झडपा.

उरलेली मुले रक्त. ती "हात-पाय" वर्तुळातून पान उचलून निघतात. उजवी वरची खोली, उजवी खालची खोली, फुप्फुस. तिथे पान टाकायचे आणि फूल घ्यायचे. मग डावी वरची, डावी खालची, आणि पुन्हा हात-पाय. तिथे फूल द्यायचे, पान घ्यायचे. राखणदार पुढे जाऊ देतो, मागे फिरू देत नाही. तुम्ही ताटावर ठेका धरा. लब्, की वरच्या आणि खालच्या खोल्यांमधली दारे बंद. डब्, की बाहेर पडायची दारे बंद. दोन-तीन फेऱ्यांत मुलांना वाट पाठ होते, आणि ती पुढे विसरत नाही.

आता एका राखणदाराला सांगा, "तू डुलकी काढ." पाहा काय होते. कुणी पुढे जातो, कुणी मागे परततो, दारात गर्दी होते, फुले वेळेवर पोचत नाहीत. मुले हसतील. पण वाचकहो, आपण इथे हसून थांबायचे नाही.

दार बिघडते तेव्हा

फूट व्हॉल्व्ह गळायला लागला की मोटर चालते, वीज जळते, पण पाणी चढत नाही. हृदयाच्या झडपेचेही तसेच होते. खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुलांची झडप जन्मतः चांगली असते, पण ती घसादुखीच्या एका आजारातून बिघडते.

हे असे घडते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या एका जातीच्या जिवाणूने सुजतो. घसा दुखतो, ताप येतो, गिळवत नाही, गळ्याशी गाठी दुखतात. बहुतेक मुले बरी होतात. काही थोड्यांत मात्र दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि गुडघा सुजतो. तो उतरतो तोच घोटा, मग कोपर. जंतूंशी लढायला उठलेली शरीराची फौज चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालून जाते. डॉक्टर याला रुमॅटिक ताप म्हणतात. आपण म्हणतो, "वाढीचं वय आहे, दुखायचंच," आणि तेल चोळतो. सांधे बरे होतात, कसलीही खूण राहत नाही. झडपेवरची खूण मात्र राहते. पुढे दहा-पंधरा वर्षांनी सासरी गेलेल्या लेकीला पहिल्या गरोदरपणात धाप लागते, तेव्हा घराला पहिल्यांदा कळते.

हे टाळता येते. प्रत्येक घसादुखीला औषध लागत नाही. सर्दी-खोकल्याबरोबरची घसादुखी बहुधा आपोआप जाते. पण ताप आणि गिळताना दुखणे असेल तर डॉक्टरांना दाखवावे. त्यांनी गोळ्या दिल्या तर पोर तिसऱ्या दिवशी खेळायला लागले म्हणून त्या बंद करू नयेत, सांगितलेले सगळे दिवस पुरे करावेत. सांधा सुजला, गरम लागला, दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात गेले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रुमॅटिक ताप होऊन गेलेल्या मुलाला डॉक्टर पेनिसिलिनचे इंजेक्शन साधारण दर तीन-चार आठवड्यांनी, कित्येक वर्षे घ्यायला सांगतात. सुगी असो की लग्नसराई, ती पाळी चुकवू नये. प्रत्येक नवा हल्ला झडपेला आणखी खराब करतो.

काही मुलांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांत तो आढळतो. दूध पिताना बाळ घामाघूम होते, थांबून थांबून पिते, वजन धरत नाही, छाती वारंवार भरते. ओठ आणि नखे निळसर दिसतात. थोडे मोठे झालेले मूल खेळता खेळता मध्येच उकिडवे बसते, कारण तसे बसले की त्याला बरे वाटते. अशा मुलाला आळशी म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.

शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघर येथून सुरू झाला. त्याचे तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे. दोष सापडला तर पुढचे उपचार, शस्त्रक्रियासुद्धा, मोफत करण्याची त्यात तरतूद आहे. त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका, शाळेत धाडा. आणि डॉक्टर "छातीत आवाज येतो" असे म्हणाले तर लगेच हातपाय गाळू नका. कित्येक निरोगी मुलांच्या छातीत असा निरुपद्रवी आवाज असतो. तो कोणता हे तपासणीने कळते.

अवघड प्रश्न

हे सगळे करताना एखादे मूल विचारील, "ठोके थांबले की माणूस मरतो का?" उत्तर खरेच द्यावे, "हो." पण तिथेच न थांबता म्हणावे, "म्हणून तर आपण त्याची काळजी घेतो. पळतो, खेळतो, भाजी-भाकरी खातो, तंबाखू-विडीला शिवत नाही." मुलाने आबांच्या चंचीकडे बोट दाखवले तर आबांनी रागावू नये. धडा नीट पोचला असे समजावे.

तर येत्या रविवारी एवढे कराच. अंकाची सुरळी, चहाचा कप, दोन बादल्या, थोडी कणीक आणि मूठभर फुले. दुपारपर्यंत पोराला उत्तर मिळालेले असेल की आत कुणी ठोकत नाही, दारे लागतात. आणि रात्री बाजेवर ते तुमच्या छातीला कान लावील, तेव्हा तुम्हीही त्याच्या छातीला एकदा कान लावा. जे पोर कालपर्यंत पळत होते आणि आज दोन पावलांत दमते, ते कळायला त्याच्याकडे रोज पाहणारे घर लागते.